नांवापुढचें नांव

आपल्या गडहिंग्लज तालुक्यांत हसूरचंपू व हसूरसासगिरी अशीं दोन गांवें आहेत. पाकिटावर नुसतें ‘हसूर’ लिहिलें, तर टपाल कोठें जावें? संगणकावर अनेकजण मिळून एक काम करितात, तेथेंहि हीच अडचण येते. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचिलेल्या ‘गिट’मध्यें प्रत्येकजण आपल्या प्रतींत कामाची निराळी शाखा काढितो. दोघांनीं शाखेस एकच नांव दिलें, तर सामाईक भांडारांत मागाहून येणाऱ्याची शाखा अडते; त्यानें बळजबरी केल्यास पहिल्याचें काम तेथून नाहींसें होतें. यास्तव, विद्यार्थीमित्रांनो, शाखेच्या नांवास आपलें नांव जोडीत जा. जोडपदानें कोणत्याहि हसूरचा मान उणा झाला नाहीं. ज्याचें पत्र त्यास मात्र पोंचतें.