बटण दाबलं की झालं?

तर मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय: ट्रॅव्हल ट्रेलरवरची ऑटोमॅटिक लेव्हलिंग सिस्टीम. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. बहुतेकांसाठी हे एका सोप्या प्रश्नावरचं महागडं उत्तर आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे ते माणसाला नेमक्या चुकीच्या ठिकाणी निर्धास्त करतं.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिकअप ट्रकच्या मागे ओढायचं चाकावरचं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिकेत लाँग वीकेन्ड आला की आपली देशी मंडळीही आता दोन रूम बुक करण्याऐवजी हे भाड्याने घेतात, काही विकतही घेतात. कॅम्पग्राउंडची जागा कधीच सपाट नसते. मग ट्रेलर लेव्हलला आणावा लागतो, नाहीतर रात्री रक्त डोक्यात आणि सकाळी ऑम्लेट तव्याच्या एका कडेला. ऑटो सिस्टीममध्ये चार कोपऱ्यांना मोटरवाले जॅक असतात, पुढच्या टोकाला एक इलेक्ट्रिक जॅक आणि मध्ये एक कंट्रोलर. कंट्रोलरमधला सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो (तुमच्या फोनमध्ये असतो तसलाच) आणि कोणता जॅक किती खाली सोडायचा ते ठरवतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. मस्त, नाही का?

आता हाच प्रश्न हाताने सोडवून बघू. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण ६ फूट, म्हणजे ७२ इंच धरा. १ अंशाचा कल म्हणजे सव्वा इंचाचा फरक. (इंजिनिअरिंग केलंय ना? टॅन थीटा आठवा.) लाकडाच्या यार्डात मिळणारी टू-बाय-सिक्स फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते. म्हणजे जी बाजू खाली आहे तिकडच्या चाकांखाली एक फळी टाकली की अंशभराहून जास्त कल गेला. दोन फळ्यांत अडीच अंशांच्या आसपास. पुढे-मागे करायला फळ्याही नकोत, टोकाचा जॅक वर-खाली केला की झालं आणि तो जॅक प्रत्येक ट्रेलरला आधीपासून असतोच. मोजायला चार-पाच डॉलरची बबल लेव्हल पुरते. आपल्याकडचा गवंडी पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीवर आख्ख्या स्लॅबची लेव्हल काढतो, त्याला कोणी हजारो डॉलरचं किट विकायला जात नाही.

"पण फ्रिज?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे, आणि एकेकाळी हाच खरा मुद्दा होता. ट्रेलरमधला गॅसवर चालणारा फ्रिज म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेली भन्नाट चीज. त्यात पंप नाही, अमोनियाचं द्रावण निव्वळ उतारावरून वाहतं. ट्रेलर वाकडा असला की ते अडतं, बॉयलर नको तितका तापतो आणि फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो. म्हणून बाजूला ३ अंश, पुढे-मागे ६ अंश ही मर्यादा जुने कॅम्पर सांगत आले. पण आता नवीन ट्रेलरमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज येतो आणि त्याला थोड्याफार कलाचं काही वाटत नाही. म्हणजे काटेकोर लेव्हलची गरज कमी होतेय आणि नेमक्या त्याच काळात लेव्हलचं यंत्र सर्रास गळ्यात मारलं जातंय. कमाल आहे!

असो. पैसे तुमचे, हौस तुमची, त्याबद्दल माझं फार म्हणणं नाही. माझी खरी तक्रार पुढे आहे.

युरोपातल्या कॅरॅव्हॅनला हँडब्रेक असतो. अमेरिकन ट्रॅव्हल ट्रेलरला सहसा नसतो! त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक चालतात ते ट्रकच्या इशाऱ्यावर. ट्रेलर चालत्या ट्रकपासून सुटला तर लागणारा आणीबाणीचा ब्रेक असतो, पण तो बॅटरी खातो, पार्किंगसाठी नाहीच तो. म्हणजे ट्रक सोडवला त्या क्षणापासून तीन-चार टनांचं ते धूड थांबवून ठेवतं कोण? चाकापुढे-मागे ठोकलेली पाचर, म्हणजे चॉक. आपल्या घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी उडी मारून चाकामागे दगड लावतो, बॉनेट नंतर उघडतो. तेच हे.

आता बटण दाबा. जॅक ट्रेलरला वर उचलायला लागतात. उतार जास्त असेल तर चाकांवरचा भार कमी होत जातो आणि शेवटी चाक जमिनीवरून सुटतं. मग चॉक कशाला धरणार, हवेला? सगळा भार चार बारीक पायांवर, आणि ते पाय उभा भार पेलायला केलेले असतात, आडवा धक्का सोसायला नाही. म्हणून तर सगळी चाकं उचलू नका, लेव्हलिंग चालू असताना आत माणसं नकोत, असल्या सूचना मॅन्युअलमध्ये असतात. पण मॅन्युअल वाचायचं नसतं म्हणून तर बटण घेतलं ना राव! पोरं आत टॅबलेट घेऊन बसलेली आणि बाबा बाहेर अ‍ॅपवर बोट टेकवून उभे, हे दृश्य मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय.

शिवाय सेन्सरला कल कळतो, जमीन कळत नाही. पायाखाली काँक्रीट आहे की कालच्या पावसाने भिजलेली माती, हे तुम्हालाच बघायचंय. आणि त्याचा 'शून्य' कोणीतरी आधी लेव्हल ठेवून शिकवलेला असतो. तो चुकला की यंत्र दर वेळी अतिशय अचूकपणे वाकडं उभं राहणार. ते पकडायला काय लागतं? बबल लेव्हल. :)

आता तुम्ही म्हणाल, ऑटोमेशनवर पोट भरणारा माणूस ऑटोमेशनला शिव्या देतोय. अहो, पोट भरतो म्हणूनच. लिझॅन बेनब्रिज यांचा १९८३ चा 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' हा पेपर प्रत्येक डेव्हलपरने वाचावा. सोपं काम यंत्राकडे जातं, अवघड उरलेलं माणसाकडे राहतं आणि सराव सुटल्यामुळे माणूस त्याच कामात कच्चा होतो, असा एकूण सूर. रात्री दहाला, पावसात, बॅटरी उतरल्यामुळे कंट्रोलर एरर दाखवतो तेव्हा फळ्या लावायचा सराव कुठून आणणार?

ज्यांची पाठ-गुडघे कुरकुरतात, किंवा जे एकट्याने ३५ फुटी ट्रेलर घेऊन हिंडतात, त्यांनी खुशाल घ्यावं. मोटरहोमवर तर मला ते पटतंसुद्धा, तिथे आख्खी बस फळ्यांवर चढवणं जिकिरीचं असतं. बाकीच्यांनी ट्रक जोडलेला असतानाच खालच्या बाजूच्या सगळ्या चाकांखाली फळ्या घ्याव्यात (दोन अ‍ॅक्सल असतील तर दोन्ही), दोन्ही बाजूंना चॉक ठोकावेत, मग ट्रक सोडवून पुढचा जॅक फिरवावा. कोपऱ्यातले कात्रीसारखे जॅक सगळ्यात शेवटी आणि फक्त हलणं थांबवायला, त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि डीलर लोकांना एक विनंती. बटणाचा डेमो दर वेळी तुमच्या गुळगुळीत काँक्रीटवर का? मागच्या उतारावर द्या की. आणि गिऱ्हाइकाने बटणाला हात लावायच्या आधी त्याला विचारा, चॉक कुठे आहेत?