नवस पुरे, आधी रक्त तपासा!

परवा दिघाशीत पुन्हा तेच ऐकलं: "सुनेतच दोष, नवस बोला."

पाळी बंद, बाळंतपण नसताना छातीतून दूध, डोकेदुखी, नजर अंधूक. तरी रक्त तपासायचं कुणाला सुचत नाही! मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातल्या गाठीने प्रोलॅक्टिन वाढलं की स्त्रीबीज तयार होणं थांबतं. ही गाठ सहसा कॅन्सरची नसते. कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी पाळी परत येते, अनेकींना मूलही होतं. थायरॉइडमुळे, काही औषधांमुळेही प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावं. मुंबईच्या केईएममध्ये हार्मोनच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. पण साधी रक्ततपासणी तालुक्यातच फुकट मिळाली पाहिजे, ही माझी मागणी!

आणि हो, नवऱ्याचीही तपासणी करा. वांझ म्हणणाऱ्यांनो, खोट तिच्यात नाही, तुमच्या जिभेत आहे.