रंग गेला, मीठ कुणी काढायचं?



मागे एका बैठकीत तज्ज्ञ म्हणून आलेल्या साहेबांनी आम्हाला दोन बाटल्या दाखवल्या. एकीत गडद निळं पाणी, दुसरीत जवळपास नितळ. "बुरशीनं रंग खाल्ला," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मागून दर्यापूरकडची एक म्हातारी उठली. "साहेब, रंग त गेला. पन खारटपना गेला काय?" साहेब हसले आणि त्यांनी विषय बदलला. माझं भांडण त्या हसण्याशी आहे, बुरशीशी नाही.

बुरशीची बाजू आधी मांडते. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशी लॅकेज, पेरॉक्सिडेज अशी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडतात. लाकडातलं चिवट लिग्निन तोडणारी ही विकरं कापडाचे रंगही तोडतात. आपले बचत गट कुटारावर पिकवतात ती धिंगरी अळंबीही याच जातकुळीची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मजीवांकडून रंग तोडण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. विज्ञान खरं आहे.

पण ते आधी कुणाच्या कामी आलं? १९९० च्या दशकापासून जीन्सचा निळा रंग फिका करायला लॅकेज बाजारात मिळतं. फॅशनसाठी विकर परवडतं. सांडपाणी नाल्यात सोडायची वेळ आली की मात्र "अजून प्रयोग चालू आहेत"!

२० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. नांदगाव पेठेला हजार एकर जमीन. रोजगार आम्हालाही हवा आहे. कापूस वेचून बोटं फाटलेल्या बायांच्या लेकींना गिरणीत काम मिळावं, ही आमचीच मागणी. पण जिथे रंगाई, तिथे सांडपाणी.

आणि हा आपला वऱ्हाड. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला. तिथल्या कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. कापसावर रिअॅक्टिव्ह रंग बसवायला लिटरमागे पन्नास ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ लागतं. ते सगळं सांडपाण्यात उतरतं. बुरशी मीठ खात नाही. उलट मिठातल्या क्लोराइडमुळे लॅकेजचाच जोर कमी होतो. म्हणजे म्हातारीचा प्रश्न अडाणी नव्हता, नेमका होता.

दुसरं, रंग दिसेनासा झाला म्हणजे विष गेलं असं नाही. काही अॅझो रंग तुटताना अॅरोमॅटिक अमाइन तयार होतात; त्यातली काही कर्करोगकारक आहेत. १९९४ मध्ये जर्मनीने अशा रंगांवर बंदी आणली, १९९७ मध्ये भारतानेही आणली. कपडा नेसणाऱ्याच्या कातडीची काळजी झाली. नाल्याकाठच्या बाईच्या घागरीची कधी होणार?

तिरुपूर विसरू नका. नॉय्यल नदीचं आणि शेतीचं वाटोळं झाल्यावर, शेतकरी वर्षानुवर्षं भांडल्यावर, २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले. मग मीठ वेगळं काढून पाणी पुन्हा वापरणं भाग पडलं. खर्चिक आहे, पण होतं. आपण आधी नदी मरू द्यायची का?

कुणी म्हणेल, हा पर्यावरणाचा प्रश्न, बायांचा कुठे? पाणी कोण भरतं? विहीर नासली की दोन कोस कोण चालतं? आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं? ज्याची किंमत बाई आपल्या अंगाने चुकवते, तो बाईचा प्रश्न आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सांडपाणी कुठल्या नाल्याने कुठे जाणार, याचा नकाशा ग्रामसभेत लावा. नुसता रंग नको. क्षार, अमाइन, जड धातू यांची तपासणी दर महिन्याला मराठीत जाहीर करा. देखरेख समितीत निम्म्या बाया घ्या, त्याही विहिरीवर जाणाऱ्या. बुरशी वापरायची तर जरूर वापरा, पण मीठ काढण्याच्या यंत्रणेच्या जोडीने, तिच्याऐवजी नाही.

पुढच्या बैठकीला साहेब बाटली घेऊन आले, की आपण एकच करायचं. ग्लास पुढे करायचा आणि म्हणायचं, "आधी तुम्ही प्या."