सुभेदार आणि 'मेरिट'

परवा लंच टेबलवर एका मित्राने पिंक टाकलीच. "काही म्हण, ब्रिटिशांच्या आर्मीत मेरिट होतं बुवा! जातपात न बघता प्रमोशन."

आता यात अर्धं खरं आहे, म्हणून तर राग येतो. बंगाल आर्मीत बढती बरीचशी सेवाज्येष्ठतेवर चाले. मुंबईच्या आर्मीत लायकीला जास्त वाव होता. महार शिपाई तिथे नाईक, हवालदार, अगदी सुभेदारही झाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदारच होते.

पण ही शिडी पुढे कुठे जायची? दंडावर दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. मग जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर आणि खलास! पस्तीस वर्षं घासून केस पांढरे झालेला सुभेदार-मेजरसुद्धा विलायतेहून कालच उतरलेल्या अठरा वर्षांच्या एन्साइनच्या खालीच. सॅल्यूट म्हाताऱ्याने पोराला ठोकायचा. सँडहर्स्टमध्ये भारतीयांना जागा मिळाल्या त्या थेट १९१८ मध्ये, त्याही वर्षाला १०. याला मेरिट म्हणायचं?

बरं, तीही शिडी टिकली का? 'लढाऊ जमातीं'चं खूळ साहेबाच्या डोक्यात शिरलं आणि १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. ज्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर साहेबानेच कोरली, त्यांचेच नातू एकाएकी 'लढाऊ' राहिले नाहीत! परफॉर्मन्स तोच, निकष बदलले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिला. उपयोग शून्य. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

त्या शिपायांना 'सात रुपयांसाठी विकले गेले' म्हणणारेही मला तितकेच डोक्यात जातात. गावात सावलीचाही विटाळ मानणारे लोक असताना पलटणीत शाळा, पगार, पेन्शन मिळत होतं. त्यांनी ते घेतलं, तर चुकलं काय?

थोडक्यात काय, तर दोष शिपायाचा नाही, शिडी बांधणाऱ्याचा. 'मेरिट होतं' म्हणण्याआधी दोनच प्रश्न विचारा: शेवटची पायरी कुठे होती, आणि शिडी काढून घ्यायचा हक्क कुणाकडे होता?

मित्राला हे ऐकवलं, तर म्हणाला, "अप्रेझल जवळ आलंय वाटतं तुझं!"

असो.