यकृताची गाठ आतड्यात शिरते तेव्हा

आतड्याचा कर्करोग यकृतात पोहोचणे ही डॉक्टरांना नेहमी दिसणारी गोष्ट आहे. आतड्यातले रक्त आधी यकृताकडेच जाते, त्यामुळे रोगाला आयती वाट मिळते. उलटा प्रवास मात्र दुर्मिळ. यकृताचा मूळ कर्करोग बाहेर पडला तर बहुधा फुफ्फुसात, लसिका ग्रंथींत किंवा हाडांत जातो.

तरीही लहान आतडे सुरक्षित आहे असे नाही. त्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडिनम, यकृताला खेटूनच असतो. वाढती गाठ त्याला चिकटते, भिंत पोखरते आणि आत शिरते. क्वचित रक्तावाटे ती आणखी खालीही पोहोचते.

मग आतड्यात रक्त झिरपू लागते. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते. रुग्ण पांढराफटक पडतो, जिना चढताना धापा टाकतो. गाठीने वाट अडवली तर उलट्या आणि पोटात कळा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते खरी, पण यकृताच्या रुग्णाने गोळ्यांवर खापर फोडून घरी बसू नये.

अडचण अशी, की सिरॉसिसच्या रुग्णाला अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून किंवा अल्सरमधूनही असाच रक्तस्राव होतो. पहिला संशय तिकडेच जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळता येत नाही. गाठ दिसली तर तुकडा काढून तपासतात, सीटी स्कॅन करतात.

या टप्प्यावर रोग समूळ जाणे कठीण असते, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलेले बरे. रक्तस्राव थांबवणे पहिले. यकृताची ताकद शिल्लक असेल तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया होते. २००७ पासून सोराफेनिबच्या गोळ्या आल्या, २०२० मध्ये अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी. त्यातले बेव्हासिझुमॅब रक्तस्राव वाढवू शकते, म्हणून आधी दुर्बिणीने तपासून घेतात.

या रोगाची मुळे बहुधा जुनी असतात: हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह व लठ्ठपणासोबत यकृतात साठलेली चरबी. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून चटणीत घालण्याची काटकसरही महागात पडते. त्या बुरशीचे विष यकृतालाच भोवते. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सिरॉसिस झालेल्यांनी मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यायची असते, पोट दुखत नसले तरीही.