सज्ज्यावरचा संसार
दिवाळीची सफाई निघाली की सौंसरच्या गल्ल्यांत बोहारणीचा भाव वधारतो. परवा शेजारच्या वहिनींनी लग्नातली जरीची साडी पुढे केली. बोहारणीने काठ उजेडात धरून पाहिला आणि स्टीलचं एक लहानसं पातेलं दाखवलं. झालं, साडी पुन्हा पेटीत! आपली घरं अशीच भरतात. वस्तू कामाची म्हणून राहत नाही, कोणी तिची किंमत कमी लावली म्हणून राहते. माझ्या सज्ज्यावर संत्र्याच्या फुटक्या पेट्यांखाली ‘जिल्हा छिंदवाडा’ छापलेल्या लेटरहेडांचा गठ्ठा आहे. 2023 साली आपला जिल्हा पांढुर्णा झाला, हे त्याला अजून कोणी कळवलेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत ईडापीडा गावाबाहेर धाडणारी माणसं आपण, अन् मोडका मिक्सर मात्र ‘असू दे’ म्हणत वर चढवतो. सामान लावायला रंगीत डबे आणणं हा तर शुद्ध वेडेपणा; डबे म्हणजे नवी अडगळ. वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते सरळ भंगारवाल्याला द्या, आणि कृपा करून घासाघीस करू नका. दहा रुपये कमी मिळाले तरी सज्जा रिकामा होतो, सौदा फायद्याचाच आहे.