यंत्राने विणलेले विमान आणि माणसाची नजर

विमान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि ते जोडणारे असंख्य रिव्हेट, ही दीर्घकाळ रुजलेली कल्पना आता मोडीत निघाली आहे. बोइंग कंपनीचे ७८७ हे विमान २०११ साली एका जपानी विमान कंपनीच्या सेवेत दाखल झाले. त्याच्या सांगाड्याचे सुमारे निम्मे वजन कार्बनचे तंतू व राळ यांच्या संमिश्र पदार्थाचे आहे. एअरबसच्या ए-३५० विमानात हे प्रमाण ५३ टक्क्यांपर्यंत गेले. बदल केवळ पदार्थाचा असता, तर त्याची चर्चा तज्ज्ञांवर सोपवून इतरांना स्वस्थ बसता आले असते. परंतु पदार्थाबरोबर कारखान्याची रचना, कामगाराचे कौशल्य आणि चुकीचे स्वरूप हेही बदलले आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार सर्वांनीच करावयास हवा.

धातूचा पत्रा आधी तयार होतो व मग कापला जातो. संमिश्र पदार्थ मात्र विमानाचा भाग घडत असतानाच जन्माला येतो. राळेत भिजवलेल्या तंतूंच्या अरुंद फिती शीतगृहात ठेवाव्या लागतात; बाहेर काढल्यानंतर त्या मर्यादित काळातच वापरता येतात. फिरत्या साच्यावर यंत्र या फितींचे थर एकावर एक अंथरते. प्रत्येक थरातील तंतूंची दिशा आधीच ठरलेली असते, कारण तंतू ज्या दिशेने जातो त्याच दिशेने बळ मिळते. नंतर हा संपूर्ण भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या भट्टीत दाबाखाली, सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमानात पक्का केला जातो. विमानाच्या नळकांड्यासारख्या धडाचा एक भाग असा अखंड घडवल्याने सुमारे १,५०० पत्रे आणि ४० ते ५० हजार जोडखिळे वाचतात, असा बोइंगचा दावा आहे. जवळजवळ सहा मीटर व्यासाचे हे काम हातांनी, शेकडो विमानांसाठी, एकाच अचूकतेने करणे अशक्यच होते. येथे यंत्राचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे.

परंतु यंत्र आले म्हणजे दोष गेले, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरला. अखंड घडवलेले हे भाग शेवटी एकमेकांना जोडावेच लागतात. दोन भागांमधील फट पातळ पट्ट्यांनी भरावयाची असते आणि तेथे इंचाच्या पाच सहस्रांशाइतका, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा फरकही महत्त्वाचा ठरतो. ऑगस्ट २०२० मध्ये आठ विमाने सेवेतून काढून घ्यावी लागली. काही पट्ट्यांचे माप चुकले होते आणि कवचाच्या आतील पृष्ठभाग पुरेसा सपाट नव्हता. यांपैकी एकच दोष असता तर निभावले असते. दोन्ही एकत्र आल्याने विमान ठरलेल्या कसोटीस उतरेना. पुढे मधला थोडा काळ वगळता नव्या विमानांचे वितरण ऑगस्ट २०२२ पर्यंत जवळजवळ थांबले. २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्याच एका अभियंत्याने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जोडणीतील घाईविषयी गंभीर आरोप केले; कंपनीने ते नाकारले. आरोपांचे सत्यासत्य बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरतेच. दोन निरनिराळ्या विभागांतील दोन लहान त्रुटी एकत्र पाहणारी नजर आणि काम थांबविण्याचा अधिकार यांची तरतूद कोणतेही यंत्र आपण होऊन करीत नाही. ती व्यवस्थापनालाच करावी लागते.

आपल्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. याच ७८७ विमानाच्या तळाच्या संमिश्र तुळया नागपूरच्या मिहानमधील टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या सांगाड्यातही सुमारे ४५ टक्के वजन संमिश्र पदार्थांचे आहे आणि त्यामागे बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेची दीर्घ तपश्चर्या आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा त्या प्रकल्पातील आपल्या अभियंत्यांना तेथील काम अर्ध्यावर सोडून परतावे लागले होते. उसन्या तंत्रज्ञानाचा भरवसा किती धरावा, याचा तो धडा होता. तरीही विमानाच्या दर्जाचे कार्बन तंतू आपण आजही प्रामुख्याने आयातच करतो.

अशा स्थितीत परदेशी यंत्र आणून, परदेशी तंतू त्यावर चढवून, परक्यांच्या आराखड्याप्रमाणे भाग घडविणे यालाच स्वावलंबन म्हणता येणार नाही. त्यातून रोजगार मिळतो आणि शिस्तही अंगी येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तंतूंची निर्मिती, पदार्थाची पारख आणि दोषांची तपासणी या विद्या येथे रुजल्या नाहीत, तर आपला तरुण यंत्राचा राखणदारच राहील. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी केवळ यंत्र चालविण्याचे शिक्षण देऊन भागणार नाही. यंत्राने केलेल्या कामावर शंका घेण्याचे शिक्षणही दिले पाहिजे. कारखाना उभारण्यासाठी जमीन आणि सवलती देणारे सरकार या शिक्षणासाठी किती पैसा आणि किती धीर दाखविते, यावरच पुढचे बरेचसे अवलंबून आहे.